देव न मानणाऱ्याची शपथ

आपल्या हॉस्टेलमध्ये दिवसभरात किती वेळा ‘आईशपथ’ ऐकू येतं, हे कोणीतरी एकदा मोजायला हवं. मेसची भाजी आईशपथ बेकार असते, पेपर आईशपथ अवघड गेलेला असतो, आणि बाथरूममधली बादली कोणी नेली असं विचारलं तर अख्खी विंग आईशपथ घेऊन मोकळी होते. लहानपणी कोणी शपथ घातली की आपण घाबरून ‘सुटली म्हण’ म्हणत मागे तरी लागायचो. आता तेवढीही भीती राहिलेली नाही.

तर झालं असं, की सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या रूमवर चहाबरोबर एक वाद रंगला. जो देवच मानत नाही, त्याच्या शपथेला काय अर्थ? एकीचं म्हणणं, देवाची भीती नाही तर शपथ मोडायला कितीसा वेळ लागतो! दुसरी म्हणाली, देव मानणारे तरी कुठे पाळतात? पहाटे तीनपर्यंत वाद चालला आणि कोणाचीच जर्नल्स पूर्ण झाली नाहीत. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. पण नंतर एका माणसाचं चरित्र वाचनात आलं. आम्ही एक रात्र ज्या प्रश्नावर भांडलो, त्यासाठी हा माणूस जवळजवळ सहा वर्षं भांडला होता. त्याचं नाव चार्ल्स ब्रॅडलॉ.

चार्ल्सचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ चा, लंडनच्या पूर्व भागातल्या हॉक्स्टन या वस्तीतला. वडील वकिलाच्या ऑफिसात कारकून. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे अकराव्या वर्षी शाळा सुटली. आधी निरोप पोचवणारा पोऱ्या, मग कोळशाच्या व्यापाऱ्याकडे कारकून, अशी कामं तो करू लागला. मुलगा हुशार होता आणि भाविकही. रविवारी चर्चच्या शाळेत लहान मुलांना शिकवायचा.

बिशपसाहेब येणार होते म्हणून तिथल्या पाद्र्यांनी त्याला धर्माचा नीट अभ्यास करून ठेवायला सांगितलं. याने खरोखरच केला! चारही शुभवर्तमानं आणि चर्चची ३९ कलमं समोरासमोर ठेवून वाचली. काही गोष्टी एकमेकींशी जुळेनात. म्हणून त्याने पाद्र्यांना पत्र लिहिलं की मला हे समजावून सांगा. उत्तर मिळालं नाही. उलट मुलगा नास्तिक झाला अशी तक्रार वडिलांकडे गेली आणि तीन महिने शिकवायला बंदी झाली. खरं तर तोपर्यंत तो नास्तिक नव्हताच. आपल्याकडे वायवात उलटा प्रश्न विचारला की ‘ओव्हरस्मार्ट’ ठरवतात ना, तसंच काहीसं. पुढे तणाव इतका वाढला की सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याला घर सोडावं लागलं.

स्वतंत्र विचारांसाठी तुरुंगात गेलेल्या रिचर्ड कार्लाइल यांच्या कुटुंबाने त्याला आसरा दिला. पण पोटापाण्याचं काय? कर्ज झालं, म्हणून १८५० मध्ये तो सैन्यात भरती झाला. आयर्लंडमध्ये काही वर्षं काढली. एका नातेवाइकाकडून थोडा पैसा आला, तो भरून १८५३ मध्ये त्याने सैन्यातून सुटका करून घेतली आणि लंडनला परत येऊन वकिलाकडे नोकरी धरली. दिवसा कायद्याची कागदपत्रं, संध्याकाळी भाषणं. मालकाला त्रास नको म्हणून भाषणांसाठी ‘आयकोनोक्लास्ट’, म्हणजे मूर्तिभंजक, हे टोपणनाव घेतलं.

कॉलेजचं तोंडही न पाहिलेला हा माणूस बघता बघता इंग्लंडमधला नावाजलेला वक्ता झाला. उंच, धिप्पाड, आवाज असा की मैदानातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावा. १८६० पासून ‘नॅशनल रिफॉर्मर’ या साप्ताहिकाचं संपादन, १८६६ मध्ये ‘नॅशनल सेक्युलर सोसायटी’ची स्थापना. राजेशाहीलाही त्यांचा उघड विरोध होता. साहजिकच शत्रूही पुष्कळ झाले. त्यांच्याबद्दल एक कथा पसरली, की भरसभेत घड्याळ काढून ते देवाला पाच मिनिटांची मुदत देतात आणि असशील तर मला मारून दाखव असं आव्हान करतात. ब्रॅडलॉ आयुष्यभर सांगत राहिले की मी असं कधीही केलेलं नाही. ही अफवा छापणाऱ्यांना त्यांनी कोर्टातही खेचलं. खोटं सहन न होणं हा त्यांचा स्वभावच होता.

आता शपथेकडे येऊ. त्या काळी इंग्लंडच्या कोर्टात साक्ष द्यायची तर शपथ घ्यावी लागे. जो उघडपणे नास्तिक आहे, त्याची शपथ धरली जात नसे. म्हणजे तुम्ही नास्तिकाचे पैसे बुडवले, तर तो स्वतःच्याच दाव्यात साक्ष देऊ शकत नाही! ब्रॅडलॉंना याचा फटका स्वतःच्या व्यवहारात बसला. देवाच्या नावाऐवजी गांभीर्याने प्रतिज्ञा करून साक्ष देण्याची सोय नास्तिकांना मिळाली ती १८६९ च्या कायद्याने, आणि त्यामागे ब्रॅडलॉंचे कोर्टातले झगडे होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शपथ नको म्हणणारे सगळे नास्तिकच होते असं नाही. क्वेकर पंथाचे लोक तर अत्यंत धार्मिक. पण येशूने शपथच घेऊ नका, हो ला हो आणि नाही ला नाही म्हणा, असं शिकवलं आहे, म्हणून ते शपथ घेत नसत. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. हा उपदेश आम्ही मॉरल सायन्सच्या तासाला वाचला होता. पण त्याचा असाही अर्थ होतो, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. १८३३ मध्ये, म्हणजे ब्रॅडलॉंच्या जन्माच्याच वर्षी, जोसेफ पीझ हे क्वेकर गृहस्थ शपथेऐवजी प्रतिज्ञा करून पार्लमेंटमध्ये बसले. ज्यू असलेले लायोनेल डी रॉथशिल्ड १८४७ मध्ये निवडून आले, पण शपथेतल्या ख्रिस्ती शब्दांमुळे त्यांना १८५८ पर्यंत बाहेर थांबावं लागलं. दरवाजा एकेकासाठी थोडा थोडा उघडत होता. नास्तिकांसाठी मात्र तो बंदच होता.

नॉर्थॅम्प्टन हे बूट बनवणाऱ्या कारागिरांचं शहर. तीनदा पडल्यावर एप्रिल १८८० मध्ये ब्रॅडलॉ तिथून निवडून आले. ३ मे १८८० ला ते सभागृहात गेले आणि त्यांनी विनंती केली, की मला देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी प्रतिज्ञा करू द्या, कोर्टात मला ती मुभा आहेच. साधी विनंती. पण तिथून जे सुरू झालं ते एखाद्या सिरियललाही लाजवेल असं होतं.

सभागृहाने समिती नेमली. समितीने अवघ्या एका मताने ठरवलं की प्रतिज्ञेचा हक्क यांना नाही. मग ब्रॅडलॉ म्हणाले, ठीक आहे, कायदा शपथच मागत असेल तर मी शपथ घेतो. पण त्याआधी त्यांनी वर्तमानपत्रात पत्र देऊन टाकलं, की शपथेतले देवाचे शब्द माझ्या दृष्टीने अर्थहीन आहेत, मात्र तिच्यातलं वचन मला प्रतिज्ञेइतकंच बंधनकारक राहील. झालं! विरोधक उसळले. रॅन्डॉल्फ चर्चिल वगैरे मंडळींनी रान उठवलं. ज्याला शब्द अर्थहीन वाटतात त्याला शपथ घेऊ देणं हा देवाचा आणि सभागृहाचा अपमान आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे प्रतिज्ञा करू देणार नाही, कारण शपथ घ्यायला हवी. आणि शपथही घेऊ देणार नाही, कारण तुम्ही नास्तिक! आपल्या भाषेत इनफिनिट लूप.

इथे ब्रॅडलॉंचं चुकलं का? मला वाटतं, थोडं चुकलंच. शब्द अर्थहीन होते तर पहिल्याच दिवशी का नाही उच्चारले? आणि तत्त्वाचा प्रश्न होता तर दुसऱ्यांदा शपथेला तयार का झाले? त्यांच्या मित्रांपैकीही काहींना हे पटलं नव्हतं. त्यांची बाजू अशी, की पहिला पसंतीचा रस्ता मी मागितला, तो बंद केलात, आता मतदारांसाठी जो रस्ता उरला त्याने जाणं माझं कर्तव्य आहे. पण एक गोष्ट नक्की. ते गप्प बसले असते तर दोन मिनिटांत काम झालं असतं. मनात श्रद्धा नसूनही मुकाट्याने शपथ घेऊन बसलेले सभासद त्या सभागृहात होतेच. त्यांना कोणी अडवलं नाही. अडवलं ते फक्त खरं बोलणाऱ्याला! म्हणजे खोटारडे लोक बाहेर राहावेत म्हणून जो फिल्टर बसवला होता, त्यातून खोटारडे आरामात पार होत होते आणि प्रामाणिक तेवढा अडकत होता. असं डिझाइन आपण प्रॅक्टिकलला दाखवलं तर सर पास करतील का?

२३ जून १८८० ला ब्रॅडलॉंनी सभागृहासमोर उभं राहून आपली बाजू मांडली आणि बाहेर जायला नकार दिला. तेव्हा त्यांना अटक करून एक रात्र चक्क बिग बेन घड्याळाच्या मनोऱ्यातल्या कोठडीत ठेवलं. जुलैमध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या ठरावाने त्यांना स्वतःच्या जोखमीवर प्रतिज्ञा करून बसू दिलं. जोखीम म्हणजे काय, तर कोर्टात हे बेकायदा ठरलं तर प्रत्येक मतदानामागे ५०० पौंड दंड. मार्च १८८१ मध्ये ते बेकायदाच ठरलं आणि जागा गेली. एप्रिलमध्ये पोटनिवडणूक झाली आणि नॉर्थॅम्प्टनच्या लोकांनी पुन्हा त्यांनाच निवडून दिलं.

३ ऑगस्ट १८८१ ला ते आत जायला निघाले, तेव्हा शिपाई आणि पोलिसांनी त्यांना अक्षरशः उचलून बाहेर फेकलं. कोट फाटला, दंडाचे स्नायू दुखावले, पुढे बरेच दिवस आजारपण. बाहेर त्यांचे हजारो समर्थक जमले होते. ब्रॅडलॉंच्या एका इशाऱ्यावर दंगल झाली असती. पण त्यांनी लोकांना शांत ठेवलं.

२१ फेब्रुवारी १८८२ ला तर कमालच झाली. ब्रॅडलॉ सरळ टेबलापाशी चालत गेले, खिशातून बायबल आणि शपथेचा कागद काढला, स्वतःच स्वतःला शपथ दिली आणि सही ठोकली! दुसऱ्या दिवशी हकालपट्टी. मार्चमध्ये मतदारांनी परत निवडून पाठवलं. १८८३ मध्ये सरकारने प्रतिज्ञेची सोय करणारं विधेयक आणलं. ग्लॅडस्टन स्वतः अत्यंत धार्मिक गृहस्थ, ब्रॅडलॉंचे विचार त्यांना मुळीच पसंत नव्हते. तरीही त्यांनी त्या विधेयकासाठी गाजलेलं भाषण केलं. विधेयक २८९ विरुद्ध २९२, म्हणजे फक्त तीन मतांनी पडलं. १८८४ मध्ये पुन्हा तेच नाटक आणि पुन्हा निवडणूक. खटल्यांच्या खर्चाने ब्रॅडलॉ कर्जात बुडाले. पण नॉर्थॅम्प्टनचे कारागीर काही हटले नाहीत.

अखेर जानेवारी १८८६ मध्ये नव्या पार्लमेंटचे सभापती आर्थर पील यांनी जाहीर केलं, की निवडून आलेला सभासद शपथ घ्यायला आला तर त्याला अडवण्याचा कोणालाही अधिकार नाही. इतर सभासदांसारखी ब्रॅडलॉंनीही शपथ घेतली आणि ते जाऊन बसले. सगळं संपायला पाच मिनिटंही लागली नसतील!

दुसरा कोणी असता तर इथे समाधान मानून गप्प बसला असता. ब्रॅडलॉंनी स्वतः विधेयक मांडून १८८८ चा शपथ कायदा मंजूर करून घेतला. ज्याला धर्मश्रद्धा नाही किंवा ज्याच्या धर्माला शपथ मंजूर नाही, अशा कोणालाही पार्लमेंटमध्ये आणि कोर्टात, दोन्हीकडे प्रतिज्ञा करता येऊ लागली. या कायद्यातलं आणखी एक कलम मला फार आवडलं. शपथ घेताना त्या माणसाची देवावर श्रद्धा नव्हती, एवढ्या कारणाने त्याची शपथ बाद होणार नाही, असं ते कलम सांगतं. म्हणजे मी देव मानतच नव्हतो, त्यामुळे माझी शपथ लागू नाही, अशी पळवाटही नास्तिकाला ठेवली नाही. आमच्या रूमवरच्या वादाचं उत्तर इतक्या वर्षांपूर्वी कायद्यात लिहून ठेवलेलं होतं!

ब्रॅडलॉंचं आपल्या देशाशीही नातं होतं. हिंदुस्थानच्या प्रश्नांवर ते पार्लमेंटमध्ये इतकं बोलत, की लोक त्यांना हिंदुस्थानचा सभासद म्हणू लागले. १८८९ मध्ये ते खूप आजारी पडले, डॉक्टरांनी समुद्रप्रवास सुचवला, तर हे गृहस्थ थेट मुंबईला काँग्रेसच्या अधिवेशनाला आले! तिथे त्यांचं प्रचंड स्वागत झालं. परत जाऊन त्यांनी कायदेमंडळात हिंदी लोकांना प्रतिनिधित्व मिळावं म्हणून विधेयकही मांडलं. पुढे लाहोरला त्यांच्या नावाने ब्रॅडलॉ हॉल उभा राहिला. भगतसिंग ज्या नॅशनल कॉलेजमध्ये शिकले, ते याच हॉलमध्ये भरत असे.

मजा म्हणजे इंग्लंडमध्ये हा गोंधळ चालू असताना, इंग्रजांनीच इथे केलेल्या १८७३ च्या शपथ कायद्यात हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांनी, तसंच ज्यांना शपथेला हरकत आहे त्यांनी, प्रतिज्ञाच करावी असं लिहिलेलं होतं. एकेकाळी बेलभंडार उचलून आणाभाका घेणाऱ्या आपल्या मुलुखातल्या कोर्टात जे चालत होतं, ते त्यांच्या पार्लमेंटला चालत नव्हतं! आणि आज आपल्या राज्यघटनेतही दोन्ही पर्याय आहेत. राष्ट्रपतींपासून आमदारांपर्यंत कोणीही ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतं किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतं. दोन्हींची किंमत सारखीच.

जानेवारी १८९१ मध्ये ब्रॅडलॉ अंथरुणाला खिळले. २७ जानेवारीला पार्लमेंटने १८८० चा त्यांच्याविरुद्धचा ठराव आपल्या दप्तरातून काढून टाकायचं ठरवलं. एक प्रकारे माफीच. पण ब्रॅडलॉ तेव्हा शुद्धीवर नव्हते. ३० जानेवारीला ते गेले. ही बातमी त्यांना कधी कळलीच नाही.

ब्रुकवुडच्या दफनभूमीत त्यांना निरोप द्यायला जी गर्दी जमली, तिच्यात एकवीस वर्षांचा एक हिंदी विद्यार्थी होता, मोहनदास गांधी. आपल्या आत्मकथेत त्यांनी हे लिहिलं आहे. हाच मुलगा १८८८ मध्ये विलायतेला निघताना आईसमोर मांस, मद्य आणि परस्त्री यांना शिवणार नाही अशी प्रतिज्ञा करून आला होता, आणि लंडनमध्ये अर्धपोटी राहून ती पाळत होता. एक देवाला मानून शब्द पाळणारा, दुसरा देवाला न मानता शब्द पाळणारा. पहिला दुसऱ्याला निरोप द्यायला गेला, यात मला काहीच नवल वाटत नाही. शब्द दिला की तो पाळायचा, आपल्याला पटत नाही ते पटल्यासारखं दाखवायचं नाही, ही दोघांचीही रीत होती.

मित्रमैत्रिणींनो, आता थोडं आपल्याविषयी. आपल्या सेमिनार रिपोर्टच्या सुरुवातीला एक डिक्लरेशन असतं, की हे काम माझं स्वतःचं आहे. त्यात देवाचं नाव नाही, आईचंही नाही. नुसतं आपलं नाव, रोल नंबर आणि खाली सही. म्हणजे ब्रॅडलॉंना जी प्रतिज्ञा करू दिली नाही, नेमकी तीच! ज्या हक्कासाठी त्या माणसाने मार खाल्ला, कर्ज केलं, पुन्हा पुन्हा निवडणुका लढवल्या, तो हक्क आपल्याला झेरॉक्सच्या दुकानात बाइंडिंगबरोबर मिळतो. आणि आपण काय करतो? सीनियरच्या फाइलमधून चॅप्टर उचलतो, नाव बदलतो आणि डिक्लरेशनवर बिनधास्त सही करतो. मीही केली आहे. खोटं कशाला बोलू?

हा लेख लिहायला घेतला तेव्हा माझा या वर्षीचा रिपोर्ट तयार होता. त्यातले दोन चॅप्टर माझे नव्हते. ते काढून टाकलेत. आता नव्याने लिहितेय आणि सबमिशनला फक्त नऊ दिवस उरलेत. मार्क कमी पडतील बहुतेक. पण आमच्या रूमवर कोणी पुन्हा विचारलं, की देव न मानणाऱ्याच्या शपथेला काय अर्थ, तर माझ्याकडे आता उत्तर आहे. फक्त त्यासाठी आधी त्या डिक्लरेशनखालची माझी सही खरी असायला हवी.